लगोरी किती जोरात फोडायची?

लगोरी फोडणाऱ्या पोराला आधी एक मोह आवरावा लागतो. चेंडू हातात असतो, समोर फरशीचे तुकडे एकावर एक रचलेले असतात आणि जीव खाऊन मारावंसं वाटतं. मारला आणि नेम बसला, तर एक तुकडा गटारीत, दुसरा उभ्या स्कूटरखाली, तिसरा समोरच्या जिन्यापाशी. बघणारे ओरडतात, पण आता तेच तुकडे गोळा करून पुन्हा रचायचे असतात आणि तेवढ्यात पाठीत चेंडू बसतो. तरबेज पोरगा वरचे दोन-तीनच तुकडे हलके उडवतो. त्यात नेम चुकण्याचा धोका जास्त असतो, तो धोका तो पत्करतो, कारण पुढची धावपळ त्याला वाचवायची असते. कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये वाढलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

२०२२ साली हाच खेळ आशियाभरच्या विद्यार्थ्यांच्या रोबोंना दिला गेला. एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची स्पर्धा. दरवर्षी यजमान देश आपल्या मातीतला एखादा खेळ किंवा प्रसंग उचलतो आणि त्याचं आव्हान बनवतो. त्या वर्षी यजमानपद भारताकडे, म्हणजे दूरदर्शनकडे होतं आणि नवी दिल्लीतल्या स्पर्धेसाठी लगोरी ठरली. प्रत्येक संघाचे दोन रोबो. एकाने चेंडू फेकून पाच चकत्यांची लगोरी पाडायची, दुसऱ्याने डोक्यावर चेंडू तोलत त्या चकत्या उचलून पुन्हा रचायच्या, आणि प्रतिस्पर्ध्याने त्या डोक्यावरच्या चेंडूवर नेम धरायचा. म्हणजे फेकणारा जितका दणकट, तितका रचणाऱ्याला ताप. रचणारा जितका चपळ, तितका डोक्यावरचा चेंडू डळमळणार. चेंडू घट्ट तोलायचा म्हणून रोबो बुटका आणि रुंद केला, तर पाचवी चकती ठेवायला हात लांबवावा लागणार, आणि लांब हात थरथरणार. अशा खेळात प्रत्येक चांगल्या निर्णयाची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजावी लागते.

रोबो स्पर्धेतलं खरं शिक्षण या किमतीत आहे, हे मला इथे ठामपणे मांडायचं आहे. मोटार कशी जोडायची, प्रोग्राम कसा लिहायचा, हे वर्गातही शिकता येतं आणि घरी बसूनही. पण दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडून द्यायची, ती का सोडली हे चार मित्रांना पटवायचं आणि मग मैदानात त्या निर्णयाचे परिणाम भोगायचे, हे शिकवणारी जागा अभियांत्रिकीच्या चार वर्षांत फार थोडी आहे. ती जागा निर्माण होते की नाही, हे रोबो बनवणाऱ्यांपेक्षा नियम लिहिणाऱ्यांवर जास्त अवलंबून असतं. आपण मात्र सगळा जीव, सगळा पैसा रोबोवर लावतो आणि नियमांकडे परीक्षेच्या वेळापत्रकासारखं पाहतो: वरून आलं, पाळायचं.

या स्पर्धांचा उगमच वर्गातल्या एका प्रयोगात आहे. तोक्योच्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी विद्यार्थ्यांना मोजकं साहित्य देऊन यंत्रं बनवायला लावली आणि त्यांच्यात शर्यत लावली. त्यातून १९८८ मध्ये जपानच्या तांत्रिक महाविद्यालयांची रोबोकॉन उभी राहिली आणि तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ती घराघरांत पोचवली. २००२ पासून ती आशियाभर पसरली. अमेरिकेत डीन केमेन यांनी स्थापन केलेल्या फर्स्ट या संस्थेची शालेय स्पर्धा १९९२ पासून चालते. तिथेही वूडी फ्लॉवर्स या एमआयटीतल्या प्राध्यापकांचा यंत्ररचनेचा वर्ग पाठीशी होता. दोन्हीकडे कल्पना एकच: साहित्य मोजकं, वेळ मोजका, काम ठरलेलं आणि वाट मोकळी.

महाराष्ट्राला ही स्पर्धा परकी नाही. २००८ ची एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा विषय गोविंदाचा, दहीहंडीचा होता: उंच टांगलेल्या मडक्यांतलं लोणी काढायचं. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हा आईबापाच्या रोबोने लेकराच्या रोबोला उचलून सीसॉवर, झोक्यावर, जंगलजिमवर खेळवायचं होतं, आणि सगळं पार पडलं की 'शाबास'! ते शाबास व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने मिळवलं. लेकराचा रोबो आईबापाला उचलून न्यायचा असल्याने तो हलका हवा, पण जंगलजिम चढायला त्याच्या अंगात बळ हवं. एका ओळीत मांडलेलं हे आव्हान महिनोन्‌महिने मुलांची झोप उडवू शकतं.

किंमत मोजणं म्हणजे काय, ते फेकयंत्राच्या उदाहरणावरून जरा जवळून पाहू. चेंडू फेकायला मुलं साधारण तीन मार्ग धरतात. पहिला, वेगाने फिरणाऱ्या दोन चाकांच्या फटीतून चेंडू चेपून सोडायचा. हे यंत्र भराभर फेकतं, पण प्रत्येक चेंडू चाकाचा थोडा वेग खाऊन जातो आणि घाईने पुढचा सारला तर तो आखूड पडतो. दुसरा, दाबाखालच्या हवेने दांडा हाणायचा. फटका जबरदस्त बसतो, पण रोबोकॉनच्या नियमांत दाब साधारण ६ बारच्या आत ठेवावा लागतो आणि हवा रोबोवरच वाहून न्यावी लागते. मुलं थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या टाकी म्हणून वापरतात. प्रत्येक फटक्यागणिक बाटलीतला दाब उतरतो, त्यामुळे पहिली फेक आणि शेवटची फेक एकसारखी नसते. तिसरा मार्ग स्प्रिंगचा. स्प्रिंग दर वेळी सारखीच सुटते, पण ती ताणायला वेगळी मोटार लागते आणि वेळ लागतो.

समजा, चाकांचा मार्ग धरला. बॅटरी सहा सेलची लिथियम पॉलिमर. पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट, आणि वापरता वापरता ती नाममात्र २२.२ व्होल्टवर येते. मोटारीचा वेग जवळपास व्होल्टच्या प्रमाणात चालतो, म्हणजे तो सुमारे १२ टक्क्यांनी उतरला. फेकीचं अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने, हवेचा विरोध सोडला तर, ते सुमारे २२ टक्क्यांनी आखडलं. सकाळच्या सरावात ५ मीटरवर पडणारा चेंडू दुपारी ३.९ मीटरवर पडतो. मुलं म्हणतात, रोबो बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं. आता उपाय निवडा. चाकाचा वेग मोजणारा एन्कोडर बसवून वेग बांधून ठेवा, म्हणजे वायरिंग वाढलं, प्रोग्राम वाढला आणि बिघडण्याची एक जागाही वाढली. किंवा दर सामन्याला ताजी बॅटरी लावा, म्हणजे खर्च वाढला. किंवा जवळ जाऊन फेका, म्हणजे थोडी चूक चालून जाईल, पण जाण्यायेण्याचे सेकंद गेले. तिन्ही उपाय बरोबर आहेत. कोणता घ्यायचा, हे तुमच्या बाकीच्या रोबोवर, तुमच्यापाशी उरलेल्या दिवसांवर आणि प्रोग्राम लिहिणारी मुलगी एकटीच आहे की तिच्या जोडीला कुणी आहे, यावर ठरतं.

चाकांच्या आकाराचंही तसंच. मिनिटाला ३०० फेरे देणाऱ्या मोटारीवर १०० मिलिमीटर व्यासाचं चाक बसवलं तर रोबो सेकंदाला १.५७ मीटर धावतो. १५० मिलिमीटरचं बसवलं तर २.३६ मीटर, पण रेटा एक तृतीयांशाने घटतो. चढ आला, दुसऱ्याने ढकललं, की हा वेगवान रोबो जागेवर कण्हत उभा. चारी दिशांना सरकणारी ऑम्नी चाकं घेतली तर न वळता आडवं जाता येतं, पण पकड सुटते आणि दोनच्या जागी तीन-चार मोटारी वाहाव्या लागतात. आणि वजनाला छत असतं: रोबोकॉनमध्ये बऱ्याच वर्षी दोन्ही रोबो, बॅटऱ्या आणि बाकी सरंजाम मिळून ५० किलो.

वजनाच्या या छताची अक्कल मला कॉलेजांच्या प्रयोगशाळांपेक्षा आपल्या उद्यमनगरात जास्त दिसते. राजारामपुरीला लागूनच शिवाजी उद्यमनगर आहे. लेथ, मिलिंग, फौंड्रीचे पॅटर्न, गिअर कापणारी छोटी छोटी शॉप. मुलं ड्रॉइंग घेऊन तिथे जातात. एका शॉपमध्ये मी एका वयस्कर मेस्त्रींना मुलाच्या हातातली प्लेट तोलताना पाहिलं. दहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट, नुसती मोटार धरून ठेवायला. मेस्त्रींनी ती अंगठ्याने दाबून पाहिली, परत दिली आणि विचारलं, "पोरा, एवढं जाड कशाला वागवायलायस? ह्यावर कोण उभारणार हाय?" मुलगा म्हणाला, "मेस्त्री, मजबूत पायजे." मेस्त्री म्हणाले, "मजबूत कुठं पायजे, ते सांग. तिथं ठेवू. बाकीचं काढून टाकू." मग खडूने प्लेटवरच खुणा केल्या: इथे बोल्ट, इथे ओढ, इथे काहीच नाही. परत आली तेव्हा प्लेट जाळीसारखी दिसत होती आणि निम्म्याहून हलकी झाली होती. डिझाइनचा सगळा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नात होता.

कोल्हापूरचं इंजिनिअरिंग या प्रश्नावर उभं राहिलेलं आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींमधल्या फौंड्र्या देशभरच्या वाहनांना कास्टिंग पुरवतात. तिथे भिंतीची जाडी एक मिलिमीटरने कमी केली तर लाख नगांवर किती धातू वाचतो आणि नाकारल्या जाणाऱ्या नगांचं प्रमाण किती वाढतं, हा हिशोब रोज चालतो. म्हणजे तारतम्याची शाळा गावातच भरलेली आहे. तरी आपली मुलं रोबो स्पर्धेला निघाली की आधी ऑनलाइन कार्टमध्ये मोटारी भरतात. दोष मुलांचा नाही. ज्या खेळात उतरायचं आहे, तो खेळच त्यांना तसं करायला सांगत असतो.

नियम खेळाडू घडवतात, हे कोल्हापूरकराला कुस्तीवरून लगेच पटेल. १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि तिथल्या मातीवर निकाली कुस्ती रंगली. चितपट होईतो लढायचं. त्या नियमाने दम मागितला, वजन मागितलं, डाव राखून ठेवण्याची सबुरी मागितली. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण आले, तेव्हा चपळाई, पहिला हल्ला आणि गुण राखून वेळ काढण्याचं कसब वर आलं. तालीम तीच, मल्लाचं रक्तही तेच, पण खुराक आणि मेहनत बदलली. रोबोचंही असंच होतं, फक्त त्याला पिढ्या लागत नाहीत, एका हंगामात होतं.

अमेरिकेच्या फर्स्ट स्पर्धेतला २०१७ चा खेळ घ्या. वाफेच्या युगाचा देखावा उभा केला होता. रोबोने मोठाली गिअरं हवाई जहाजाच्या मनोऱ्यापर्यंत पोचवायची, किंवा इंधन म्हणून शेकडो छोटे चेंडू बॉयलरमध्ये टाकायचे. दोन वाटा होत्या आणि कागदावर त्या तोडीस तोड दिसत. पण हातांनी चालवण्याच्या भागात वरच्या झरोक्यात तीन चेंडू टाकले की एक गुण मिळे, खालच्यात टाकले तर नऊ चेंडूंना एक. आणि पुरेशी गिअरं पोचून एक रोटर फिरला की ४० गुण. संघांनी हिशोब केला आणि बहुतेकांनी गिअरच निवडली. चेंडूंसाठी खपून केलेली सुंदर यंत्रं फार थोड्या संघांनी बनवली. गुणांच्या तक्त्यातल्या एका आकड्याने हजारो मुलांच्या हातून कोणतं यंत्र घडणार ते ठरवून टाकलं. नियम लिहिणाऱ्याचा हात इतका लांब पोचतो.

आपल्याकडच्या टेक-फेस्टमध्ये दोन प्रकार सर्रास चालतात: काळ्या पट्टीवरून धावणारा लाइन फॉलोअर आणि रोबोवॉर. लाइन फॉलोअर पहिल्या वर्षाच्या मुलाला हात बसवायला चांगला. पण त्यात निवड जवळजवळ नाही. बाजारात मिळणारं किट, सेन्सरची पट्टी आणि वेग सांभाळणारं ठरीव सूत्र घेतलं की उरतं ते घासूनपुसून घेणं. दोन-तीन वेळा भाग घेतलेल्या मुलाला त्यातून नवीन काही मिळत नाही.

रोबोवॉरबद्दल जपून बोललं पाहिजे, कारण त्यात मुलं मनापासून राबतात. ८, १५, ३०, ६० किलोचे गट असतात, मैदान बंदिस्त असतं आणि टाळ्या भरपूर. कोणतं पोलाद घ्यायचं, किती कडक करायचं, बोल्ट कुठे तुटतो, दोन सामन्यांमधल्या तासाभरात काय दुरुस्त करायचं, हे शिकायला याहून चांगली जागा नाही. पण कालांतराने सगळे रोबो एकमेकांसारखे दिसू लागतात. पुढे जमिनीला घासणारी पाचर, त्यामागे वेगाने फिरणारं जड हत्यार. कारण एकच प्रश्न विचारला जातो: समोरच्याला किती जोरात मारता? त्या प्रश्नाला जास्त पैसा हे बऱ्यापैकी खरं उत्तर आहे. जास्त ताकदीची ब्रशलेस मोटार, जास्त चिवट पोलाद, दोन सुटे संच. लगोरी जोरात फोडणाऱ्यालाच बक्षीस आणि तुकडे गोळा करायला कुणालाच जायचं नाही, असा हा खेळ.

पैशाने प्रश्न सुटू न देणारे नियम लिहिता येतात. २०१६ मध्ये बँकॉकच्या रोबोकॉनचा विषय स्वच्छ ऊर्जा होता. दोनपैकी एका, इको रोबोला चालण्यासाठी मोटारच द्यायची नाही. त्याच्यावर एकच अ‍ॅक्च्युएटर, तोही फक्त दिशा वळवायला. त्याला पुढे सारायचं काम दुसऱ्या, हायब्रिड रोबोने करायचं, आणि तेही स्पर्श न करता. कुणी पंख्याच्या वाऱ्याने ढकललं, कुणी चुंबकाच्या प्रतिकर्षणाने. वारा लांबून पोचतो, पण वळणावर भलतीकडेच रेटतो. चुंबकाचा जोर जवळूनच चालतो, म्हणजे मागचा रोबो अंगाला अंग न लावता चिकटून चालवावा लागतो. मॅक्सनसारखी महागडी स्विस मोटार विकत घेण्याची ऐपत असलेल्या संघाची ती ऐपत इथे निम्मी निकामी झाली. मलेशियाच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. २०१९ मध्ये मंगोलियाने आणखी एक पाऊल टाकलं: निरोप्या घोड्याचं रूपक घेऊन दुसऱ्या रोबोला चार पायांवर चालायला लावलं, चाकं बंद. त्या एका नियमाने कित्येक वर्षं जमवलेल्या चाकांच्या युक्त्या बाजूला पडल्या आणि सगळ्यांना नव्याने विचार करावा लागला.

आता राजारामपुरीकडे येतो. इथल्या गणेश मंडळांचे तांत्रिक देखावे हा कोल्हापूरच्या गणेशोत्सवातला एक मानाचा भाग आहे. हलत्या मूर्ती, उघडणारे दरवाजे, वर उचलली जाणारी गदा, गरगर फिरणारं चक्र. हे सगळं उभारणाऱ्यांत पदवीधर थोडेच असतात. फिटर, वायरमन, वेल्डर, सुतार आणि गल्लीतली पोरं. त्यांच्यापुढच्या अटी पाहा. गल्लीची रुंदी ठरलेली, तीत जेवढा मंडप बसेल तेवढाच देखावा. वर्गणी जमेल तेवढाच पैसा. चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. आणि देखावा एकदा चालून भागत नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत रोज रात्री तासन्‌तास, गर्दीसमोर, बटणावर बसलेल्या नवख्या पोराच्या हाताखाली तो चालायला हवा. तीन मिनिटांच्या सामन्यापेक्षा ही अट कितीतरी कडक आहे.

इथे जे पेच पडतात ते खऱ्या डिझाइनचे आहेत. एका मोठ्या मोटारीवर लांब शाफ्ट टाकून त्यावरच्या कॅमनी सगळ्या मूर्ती हलवायच्या, की प्रत्येक मूर्तीला गाडीच्या वायपरची एकेक मोटार द्यायची? एका शाफ्टवर सगळ्या हालचाली आपोआप तालात राहतात, वायरिंग सोपं होतं, पण ती मोटार गेली की सगळं थंड. वेगवेगळ्या मोटारी लावल्या तर एक मूर्ती थांबली तरी बाकीचा देखावा चालतो, पण ताल साधायला टायमर आणि रिले आले आणि पावसाळी हवेत तेवढे जोड ओलीपासून जपावे लागले. रामाचा हात नुसता खांद्यापासून हलवायचा की कोपरातूनही? कोपर हललं तर जिवंतपणा येतो, पण आणखी एक सांधा झिजतो. मंडळातला अनुभवी कार्यकर्ता बऱ्याचदा कोपर सोडून देतो आणि त्या पैशात प्रकाशयोजना नीट करतो, कारण रस्त्यावर उभ्या माणसाला हालचालीपेक्षा प्रकाश आधी दिसतो. कॉलेजच्या प्रकल्पात असा कोपर सोडून देणाऱ्या मुलाला परीक्षक विचारतील, "बस, एवढंच केलंत?"

यातलंच एखादं पोरगं दिवसा अभियांत्रिकी महाविद्यालयात जातं. गल्लीत ते काय सोडायचं ते जाणतं, पण कॉलेजात गेलं की जोडत सुटतं. कॅमेरा जोड, मोबाइल अ‍ॅप जोड, आवाजावर चालणारा हात जोड, कारण पोस्टरवर वैशिष्ट्यांची यादी लांब दिसली पाहिजे. मूल्यमापनाच्या रकान्यांत नावीन्याला गुण आहेत, सादरीकरणाला गुण आहेत, पण विचारपूर्वक वगळलेल्या गोष्टीला रकानाच नाही. मला यात खरी हानी दिसते. ही मुलं उद्या शिरोलीच्या फौंड्रीत, चाकणच्या कारखान्यात किंवा एखाद्या दवाखान्यासाठी यंत्र बनवणाऱ्या कंपनीत जातील. तिथे त्यांच्याकडून मागितलं जाणार आहे ते नेमकं हेच तारतम्य, आणि आपण चार वर्षं त्यांना ते विसरायला लावतो.

म्हणून माझी मागणी आहे की कोल्हापूरच्या महाविद्यालयांनी मिळून आपला स्वतःचा खेळ लिहावा. दुसऱ्याच्या नियमावलीत भाग घेणं चालू राहू दे. रोबोकॉनसारख्या स्पर्धेचं मैदान मोठं आहे आणि मुलांनी ते पाहिलंच पाहिजे. पण वर्षातून एक खेळ इथला असावा, आणि त्याचे नियम लिहिण्याचं काम तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून द्यावं, रोबो बनवण्याइतक्याच श्रेयांकांसह.

यावर आक्षेप येतात. पहिला, मानांकनाच्या वेळी राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र मोजलं जातं, गावातल्या खेळाचं नाही. हे खरं आहे, आणि यावर मला कॉलेजांच्या व्यवस्थापनांकडून धैर्याची अपेक्षा आहे, याहून जास्त सांगता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निवडीला भरपूर वाव असलेला गुंतागुंतीचा खेळ अनुभवी आणि पैसेवाल्या संघांनाच फावतो, नवा संघ नियम समजून घेण्यातच थकतो. हा धोका टाळायचा तर खेळात एक साधं, हमखास गुण देणारं काम असलं पाहिजे. तेवढं एकच काम चोख करणारा स्वस्तातला रोबो उपांत्य फेरीपर्यंत जाऊ शकला पाहिजे. तो अंतिम फेरीत हरला तरी चालेल, पण पहिल्याच सामन्यात चिरडला जाता कामा नये.

तिसरा प्रश्न पैशाचा. रोबोकॉनचा एक हंगाम खर्चाने लाखांच्या घरात सहज जातो. खर्चाला मर्यादा घातली तर बिलं खोटी येतील, असं सगळे म्हणतात. अमेरिकेतल्या छोट्या मोटार शर्यतींमध्ये यावर एक जुना तोडगा आहे. शर्यत संपल्यावर प्रतिस्पर्धी ठरलेल्या किमतीला विजेत्याचं इंजिन मागू शकतो आणि ते द्यावं लागतं. मग वीस हजारांच्या मर्यादेत पन्नास हजारांची मोटार कोण बसवेल? हा नियम आपण जसाच्या तसा घ्यावा. उद्यमनगरातल्या भंगारातून उचललेला भाग मात्र खर्चात धरू नये. ज्या पोराला भंगाराच्या ढिगातून योग्य बेअरिंग ओळखता येतं, त्याला त्या ज्ञानाचा फायदा मिळालाच पाहिजे.

खेळ कोणता, याचंही माझ्याकडे उत्तर आहे. गुळाचे रवे रचण्याचा खेळ सुचतो, ऊस भरण्याचा सुचतो. पण या शहराने २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, चिखली आणि आंबेवाडीची माणसं बोटीतून काढावी लागली. राजारामपुरी बऱ्यापैकी उंचावर, त्यामुळे ती बरीचशी कोरडी राहिली आणि मदतीची धावपळ इथून झाली. खेळ याच पुराचा असावा.

मैदानाचे तीन टप्पे. सगळ्यात खाली नदीकाठ, मध्ये गावठाण, वर निवारा. सामना तीन मिनिटांचा. ९० व्या सेकंदाला '३९' पुकारला जाईल: नदीकाठच्या वस्तूंचे गुण निम्मे. १५० व्या सेकंदाला '४३': नदीकाठ बंद, तिथे अडकलेला रोबो सामन्यातून बाद. खाली जड वस्तू ठेवायच्या, मध्ये हलक्या. धान्याचं पोतं, औषधांचा डबा, गॅसची टाकी, कागदपत्रांची पेटी, आणि चार पायांवर उभी राहणारी म्हशीची जड लाकडी प्रतिकृती, जी आडवी पडली तर गुण शून्य. वाट एकच आणि अरुंद, म्हणजे आपलेच दोन रोबो एकमेकांना अडवणार. मधल्या पट्ट्यात जाड स्पंज, जिथे छोटी चाकं रुततील आणि मोठ्या चाकांचा रेटा कमी पडेल. औषधांचा डबा उचलून थेट वर नेणं हे ते साधं, हमखास काम.

आधी खाली उतरून म्हैस आणायची की मधल्या चार हलक्या वस्तू भराभर न्यायच्या? एक दणकट आणि एक चपळ रोबो करायचा, की दोन्ही मध्यम, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा सगळं थोडंथोडं करेल? दोन्ही रोबोंचं मिळून वजन २० किलोंच्या आत. सोबत प्रत्येक संघाने एक पान लिहून द्यायचं: आम्ही काय करायचं ठरवलं होतं आणि का सोडलं. त्या पानाला एकूण गुणांचा पाचवा हिस्सा. परीक्षक म्हणून एक प्राध्यापक, एक उद्यमनगरातले मेस्त्री आणि एक देखावे उभारणारा कार्यकर्ता. सामन्यांच्या तीन आठवडे आधी एक नियम बदलला जाईल, तो कोणता हे कुणालाही माहीत नसेल, कारण पावसाळ्यात धरणातून किती पाणी सुटणार हेही आधी माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र मी ठरवणार नाही, आणि मुलांनीही प्रयोगशाळेत बसून ठरवू नये: म्हशीला किती गुण आणि कागदपत्रांच्या पेटीला किती. पुरात कित्येक कुटुंबांनी जनावरं सोडून बोटीत बसायला नकार दिला होता. बाहेरून आलेल्या बचाव पथकांना तो हट्ट वाटला, पण दावणीच्या दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याचा हिशोब वेगळा होता. हा तक्ता लिहायला मुलांनी दिवाळीनंतर चिखलीला, आंबेवाडीला, शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावांना जावं, पाणी चढत असताना घरातून काय आधी उचललं आणि काय मागे ठेवलं ते तिथल्या बायांना आणि गड्यांना विचारावं, आणि ते सांगतील त्या क्रमाने आकडे भरावेत. रोबोचं पहिलं ड्रॉइंग त्यानंतर काढावं.